तुळजापूर परिसरातील पर्यटक-निवासाची निवड : डोंगर, नादपरंपरा आणि कुटुंबाची सोय

प्रस्तावना :

प्रवास ठरला की माणूस प्रथम गाडीचा विचार करतो, नंतर दर्शनाचा आणि सर्वांत शेवटी मुक्कामाचा. वस्तुतः प्रवासाचे यश बहुतांशी मुक्कामावर अवलंबून असते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे क्षेत्र याचे बोलके उदाहरण होय. महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत असलेल्या श्री तुळजाभवानीच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांचा ओघ येथे सुरू असतो. परंतु पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि तुळजापूर अशी एकदोन दिवसांची धावती यात्रा करणाऱ्या कुटुंबांची संख्या अलीकडे वाढलेली दिसते. अशा यात्रेत तुळजापूरच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन तास येतात. दर्शन घडते, पण देवी ज्या डोंगरावर वसली तो बालाघाट पाहायचा राहतो आणि देवीच्या नावाने शतकानुशतके वाजत आलेला संबळही ऐकायचा राहतो.

जगात अनेक ठिकाणी डोंगर आणि संगीतनगरी यांची जोड सहलीसाठी घातली जाते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल हे संगीताचे शहर आणि ग्रेट स्मोकी पर्वत यांची एकत्रित सहल लोकप्रिय आहे. मात्र या दोहोंमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर असल्याने पर्यटकाला दोन मुक्काम करावे लागतात. महाराष्ट्रात संगीतनगरी म्हटले की मिरज किंवा पुणे डोळ्यांसमोर येते. तुळजापूरला कोणी संगीतनगरी म्हणत नाही. तरीही डोंगर आणि जिवंत नादपरंपरा एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर भेटावी, असे हे दुर्मिळ ठिकाण आहे. या दृष्टीने येथील निवासाची निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. तुळजापूर परिसराच्या भौगोलिक व सांगीतिक वैशिष्ट्यांचा निवासाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. उपलब्ध निवासप्रकारांचे गुणदोष मांडणे.
३. कुटुंबे तसेच महाविद्यालयीन अभ्याससहली यांच्यासाठी निवडीचे व्यवहार्य निकष सुचविणे.

स्थानाचा परिचय :

पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव असे झाले. तुळजापूर हे या जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते बालाघाट डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसले आहे. मंदिर ज्या डोंगरावर आहे त्यास यमुनाचल असे म्हणतात. सोलापूर येथून सुमारे ४५ कि.मी. आणि धाराशिव येथून सुमारे २२ कि.मी. अंतरावरील हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गालगत आहे. सोलापूरकडून येताना घाट चढावा लागतो आणि घाट संपता संपता घाटशीळचे स्थान लागते. येथूनच देवीने प्रभू रामचंद्रांना मार्ग दाखविला, अशी श्रद्धा आहे.

सह्याद्रीतील महाबळेश्वरासारखा हा डोंगर नाही, हे प्रथमच लक्षात घ्यावे. बालाघाट ही दख्खनच्या पठारावरील, सपाट माथ्याची व मध्यम उंचीची रांग आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने येथील हिरवाई श्रावणापासून साधारणतः मार्गशीर्षापर्यंत टिकते. उन्हाळ्यात डोंगर करपतो आणि पाण्याचा प्रश्न उभा राहतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही घटना या भूभागाचे वास्तव सांगण्यास पुरेशी आहे. म्हणून उन्हाळ्यातील मुक्कामात खोलीच्या सजावटीपेक्षा पाण्याची टाकी महत्त्वाची ठरते.

गावाच्या रचनेबाबत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अनेक देवस्थानांत डोंगर चढून वर जावे लागते. तुळजापुरात महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतराव्या लागतात. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ आणि त्यानंतर मुख्य मंदिर असा हा उताराचा क्रम आहे. जाताना सोपे वाटणारे हे अंतर परतताना चढणीचे होते. गुडघेदुखी असलेल्या वृद्ध व्यक्तीला दर्शनानंतरची ही चढण आणि तीनंतर लिफ्ट नसलेल्या निवासाचा दुसरा मजला, अशी दुहेरी परीक्षा द्यावी लागते. निवास निवडताना हा तपशील बहुधा कोणी विचारत नाही आणि त्रास मात्र सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला होतो. अनेकदा ज्या आईच्या नवसासाठी प्रवास आखलेला असतो, तिच्याच वाट्याला हे कष्ट येतात.

तुळजापूरची नादपरंपरा :

तुळजापुरातील संगीत सभागृहात सापडत नाही; ते उपासनेचा भाग आहे. गोंधळी, आराधी आणि भुत्ये हे या परंपरेचे प्रमुख वाहक होत. गोंधळी समाजात कदमराई व रेणुराई अशा दोन शाखा मानल्या जातात. त्यांपैकी कदमराई ही तुळजाभवानीशी आणि रेणुराई ही माहूरच्या रेणुकेशी निगडित आहे. विवाहादी मंगलकार्यानंतर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याचा कुळाचार आजही अनेक घराण्यांत पाळला जातो. चौक मांडून, घट बसवून व दिवटी पेटवून गोंधळास प्रारंभ होतो. गण, देवदेवतांचे आवाहन, देवीस्तुती, त्यानंतर कथागायनाचे आख्यान आणि अखेरीस आरती असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. परभणीचे राजारामभाऊ कदम यांनी ही कला अंगणातून रंगमंचापर्यंत नेली आणि गोंधळमहर्षी म्हणून त्यांचा गौरव झाला.

संबळ हे गोंधळाचे प्राणवाद्य होय. लहान-मोठ्या दोन चर्मवाद्यांची ही जोडी काठ्यांनी वाजविली जाते. तिच्या जोडीला एकतारी सुराचे तुणतुणे आणि झांज असते. आराधी स्त्रिया कवड्यांची माळ, हाती परडी आणि मुखी देवीची गाणी अशा रूपात मंदिर परिसरात दिसतात. भुत्ये पेटता पोत नाचवितात. मंगळवारी तसेच पौर्णिमेच्या सुमारास रात्री मंदिराभोवती छबिना निघतो. त्या वेळी संबळाच्या ठेक्यावर नाचणारा पोत पाहणे हा स्वतंत्र अनुभव असतो. पहाटेचे चरणतीर्थ, सकाळ-सायंकाळच्या अभिषेकपूजा आणि रात्रीची प्रक्षाळपूजा या नित्यक्रमातही वाद्यांचा नाद असतोच.

येथे मिरज व पुणे यांच्याशी तुलना केल्यास निवासाचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मिरज येथे एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडविण्याची परंपरा असून तेथील सतार व तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्यात पं. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबर महिन्यात भरतो. मैफलीची तारीख, वेळ आणि आसन तेथे आधी निश्चित होते. श्रोता शहराच्या कोणत्याही भागात उतरला तरी वेळेवर पोहोचला की काम झाले. तुळजापुरात मात्र नाद पहाटे आणि रात्री असतो. दिवसा येऊन सायंकाळी परतणाऱ्या पर्यटकास तो जवळपास ऐकूच येत नाही. येथे संगीत ऐकायचे तर रात्र काढावी लागते, आणि ती मंदिराच्या जवळ काढावी लागते.

या वस्तुस्थितीतून निवडीचा मूळ पेच निर्माण होतो. मंदिराजवळ उतरल्यास नाद मिळतो, परंतु गर्दी, गोंगाट व अपुरी झोप पदरी येते. गावाबाहेर उतरल्यास डोंगराची शांतता लाभते, परंतु पहाटेची पूजा व रात्रीचा छबिना हातून निसटतो. दोन्ही गोष्टी एकाच खोलीतून पूर्णतः मिळत नाहीत. म्हणून प्रवासाचा हेतू आधी ठरवावा आणि त्यानुसार खोली निवडावी, हे पहिले तत्त्व होय.

निवासाचे प्रमुख प्रकार :

(अ) पुजाऱ्यांचे घर : तुळजापुरात भोपे, पाळीकर व उपाध्ये असे पुजारीवर्ग आहेत. अनेक घराण्यांचा पुजारी पिढीजात ठरलेला असतो आणि त्याच्याच घरी उतरण्याची जुनी प्रथा आहे. लॉज ही संस्था नव्हती तेव्हा यात्रेकरूंची सर्व व्यवस्था याच घरांतून होत असे. पूजेची माहिती, पुरणपोळीच्या नैवेद्याचा स्वयंपाक, गोंधळ्यांशी संपर्क या गोष्टी येथे सहज जुळतात. घराण्याच्या मागील पिढ्यांविषयी चार गोष्टी ऐकायला मिळतात, हा लाभ निराळाच. उणीव अशी की स्वतंत्र स्वच्छतागृह, खाट इत्यादी सोयी प्रत्येक घरी सारख्या नसतात आणि खर्चाचा आकडा ‘यथाशक्ती’ या शब्दामागे राहतो. संकोच बाजूला ठेवून निवास, भोजन व पूजा यांचा खर्च वेगवेगळा आणि आगाऊ विचारून घ्यावा. त्यामुळे पुजारी व यजमान या दोघांचाही मान राहतो.

(आ) भक्तनिवास व धर्मशाळा : संस्थानाचे तसेच विविध समाजांचे व न्यासांचे निवास या प्रकारात मोडतात. दर माफक, पावती निश्चित आणि परिसर कौटुंबिक असतो. मात्र गर्दीच्या दिवशी खोली मिळणे दुरापास्त होते. स्वच्छतेचा दर्जा त्या त्या वेळच्या व्यवस्थापनावर अवलंबून असतो.

(इ) खाजगी लॉज व हॉटेल : बसस्थानक ते मंदिर या पट्ट्यात व महामार्गालगत ही संख्येने सर्वाधिक आहेत. सोयींत मोठी विविधता आढळते. दर दिवसानुसार बदलतो; पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार व सुटीचे दिवस यांना तो वाढलेला असतो.

(ई) शेतावरील व ग्रामीण निवास : महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतकऱ्याच्या शेतावर राहणे, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रात्रीचे मोकळे आकाश असा हा अनुभव असतो. डोंगराच्या शांततेसाठी येणाऱ्यांनी या प्रकाराचा विचार करावा. स्वतःचे वाहन मात्र आवश्यक ठरते.

(उ) धाराशिव किंवा सोलापूर येथील मुक्काम : सोयी अधिक, पण मंदिरापासून अंतरही अधिक. नळदुर्ग, तेर, येडशी अशी भ्रमंती करून एक वेळ दर्शन घेणाऱ्यांना धाराशिव सोयीचे. रेल्वेने येणाऱ्यांना सोलापूर सोयीचे.

निवडीचे निकष :

१. तिथी : इंग्रजी दिनदर्शिकेऐवजी पंचांग प्रथम पाहावे. भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची घोरनिद्रा असते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस मूर्ती पुन्हा सिंहासनावर येऊन घटस्थापना होते. विजयादशमीस पहाटे सीमोल्लंघन होते. त्यासाठी अहिल्यानगरजवळील बुऱ्हाणनगर येथून पालखी येते. त्यानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा असते. पौष महिन्यात मोहनिद्रा व शाकंभरी नवरात्र येते. निद्राकाळात मूर्ती पलंगावर असल्याने सिंहासनपूजा होत नाही. अभिषेकाचा नवस फेडण्यासाठी आलेल्या कुटुंबाने ही बाब आधी पाहिली नाही तर खोली उत्तम मिळूनही हेतू असफल होतो. नवरात्र व आश्विन पौर्णिमेस सोलापूर परिसरातून हजारो भाविक पायी येतात. त्या दिवसांत वाहने गावाबाहेर थांबविली जातात. ‘वाहनतळ उपलब्ध’ ही जाहिरात अशा वेळी निरुपयोगी ठरते आणि सामान किती अंतर उचलून न्यावे लागेल, हाच खरा प्रश्न उरतो. नाद ऐकायचा पण गर्दी टाळायची, अशांनी कार्तिक-मार्गशीर्षातील सोमवारी सायंकाळी पोहोचून मंगळवारचा छबिना पाहावा आणि बुधवारी निघावे, हा मध्यम मार्ग होय.

२. पायी अंतर व चढउतार : निवासाचा पत्ता ‘मंदिराजवळ’ एवढा पुरेसा नसतो. महाद्वारापर्यंत किती मिनिटे, रस्ता सपाट की चढाचा, खोली कोणत्या मजल्यावर, लिफ्ट वीज गेल्यावर चालते की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. ज्येष्ठांसाठी तळमजल्याची खोली साधी असली तरी पसंत करावी.

३. रात्रीचा आवाज : रस्त्याकडील खोलीत पहाटेपर्यंत वाहनांचे भोंगे ऐकू येतात, आतील बाजूच्या खोलीत हवा कमी येते. लहान मुले किंवा रुग्ण सोबत असल्यास आतील खोली घ्यावी. नाद ऐकण्यासाठी आलेल्यांनी खोलीतून ऐकू येण्याची अपेक्षा न ठेवता मंदिरात जावे.

४. गोंधळाची सोय : निवासातच कुळाचाराचा गोंधळ घालावयाचा असल्यास बंदिस्त दालन आहे का, हे आधी विचारावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक व वाद्ये यांच्या उघड्यावरील वापरावर निर्बंध आहेत. गच्चीवर रात्रभर गोंधळ घालण्याची कल्पना म्हणूनच अडचणीची ठरते. गोंधळ्यांची बिदागी आधी ठरवावी आणि ती थेट त्यांच्या हाती द्यावी. मध्यस्थ जितके वाढतात तितका कलावंताचा वाटा घटतो. चित्रीकरण करण्यापूर्वी त्यांची अनुमती घेणे हा साधा शिष्टाचार होय. आख्यान निम्म्यावर थांबवून केवळ छायाचित्रापुरता संबळ वाजवून घेण्याची प्रवृत्ती वाढत आहे. अशाने कुळाचार उरकतो, परंतु आख्यानाचा कंठस्थ ठेवा पुढील पिढीकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

५. इमारतीची सुरक्षितता : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाची जड छपरे झोपेतील माणसांवर कोसळली, हे त्या जीवितहानीचे मुख्य कारण होते. या पार्श्वभूमीवर जुन्या घरावर मजले चढविलेल्या इमारतीत उतरताना भिंतींना मोठे तडे आहेत का, जिना पुरेसा रुंद आहे का, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, याची पाहणी करावी. जिन्यात गॅसच्या टाक्या किंवा गाद्यांचे ढीग दिसल्यास ती खोली नाकारावी.

६. पाणी व स्वयंपाक : पाणी चोवीस तास मिळते की ठराविक वेळी, गरम पाणी किती वाजता येते, नैवेद्याच्या स्वयंपाकास मुभा आहे का, हे प्रश्न विचारावेत. चरणतीर्थासाठी पहाटे निघावयाचे असल्यास सकाळी सात वाजता येणारे गरम पाणी उपयोगाचे नसते.

७. दर, कर व पावती : दर खोलीचा की माणशी, दिवस चोवीस तासांचा की दुपारी १२ वाजता संपणारा, जादा गादीचे किती, हे स्पष्ट करून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्के आहे. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या धार्मिक परिसरातील प्रतिदिन १,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांना करातून सूट आहे. ज्या व्यावसायिकाची करनोंदणी नाही त्यास हा कर आकारता येत नाही. म्हणून कर घेतला असल्यास पावतीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

एकूण खर्चाचा हिशेब :

स्वस्त खोली नेहमीच स्वस्त पडते असे नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच जणांच्या कुटुंबास मंदिराजवळ १,८०० रुपये आणि गावाबाहेर १,२०० रुपये दराची खोली उपलब्ध आहे, मुक्काम दोन रात्रींचा आहे. पहिल्या पर्यायात भाडे ३,६०० व कर १८० मिळून ३,७८० रुपये होतात. दुसऱ्या पर्यायात भाडे २,४०० व कर १२० मिळून २,५२० रुपये होतात. परंतु दोन वेळचे दर्शन व एक छबिना यांसाठी सहा वेळा रिक्षा करावी लागेल. एका खेपेचे १५० रुपये धरल्यास ९०० रुपये वाढतात व एकूण खर्च ३,४२० रुपयांवर जातो. दोन्हींतील फरक केवळ ३६० रुपयांचा उरतो. त्या बदल्यात रात्री रिक्षा शोधण्याची दगदग आणि मधल्या वेळेत खोलीवर येऊन विश्रांती घेण्याची गैरसोय स्वीकारावी लागते. स्वतःचे वाहन असेल व गर्दीचा दिवस नसेल, तर मात्र दुसरा पर्याय खरोखरच किफायतशीर ठरतो. प्रत्येक कुटुंबाने आपली संख्या व फेऱ्या धरून असा हिशेब मांडावा.

आगाऊ नोंदणीतील दक्षता :

तीर्थक्षेत्रांतील भक्तनिवासांच्या नावे बनावट संकेतस्थळे उघडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार देशभर घडत असून केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानेही २०२५ मध्ये यात्रेकरूंना सावध केले होते. शोधयंत्रावर प्रथम दिसणारा भ्रमणध्वनी क्रमांक अधिकृत असेलच असे नाही. क्रमांकाची खातरजमा दुसऱ्या मार्गाने करावी. खात्यावरील नाव संस्थेचे नसून व्यक्तीचे असल्यास रक्कम पाठवू नये. शक्यतो एका रात्रीचेच भाडे आगाऊ द्यावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास रक्कम गोठविण्याची शक्यता कमी होते. सेवेतील त्रुटींबाबत राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी पावती व संदेश जपून ठेवावेत.

डोंगराकडे वळताना :

दोन रात्रींचा मुक्काम असल्यास मधला दिवस परिसरासाठी ठेवावा. तुळजापूरहून सुमारे ३५ कि.मी. अंतरावरील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून नर व मादी या नावांनी ओळखले जाणारे धबधबे कोसळू लागतात. १६१३ च्या सुमारास हे काम झाले, तेव्हा विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता. हा सुलतान संगीताचा निस्सीम उपासक होता. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह त्याने रचला आणि विजापूरजवळ नवरसपूर नावाची नगरी वसविण्यास प्रारंभ केला. डोंगर, पाणी व संगीत यांचा संबंध या प्रदेशात असा जुना आहे. याशिवाय धाराशिव शहराजवळील प्राचीन लेणी, येडशी येथील रामलिंगचा वनपरिसर आणि संत गोरोबाकाकांचे तेर ही स्थळे आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. तेथील लामतुरे संग्रहालय इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. या सर्व स्थळांचा विचार करता दुसरी रात्र धाराशिव येथे काढणे सोयीचे होते. पहिली रात्र नादासाठी मंदिराजवळ व दुसरी डोंगरासाठी बाहेर, अशी विभागणी केल्यास वर उल्लेखिलेला पेच बऱ्याच अंशी सुटतो.

महाविद्यालयीन अभ्याससहलींच्या संदर्भात :

लोकसाहित्य, इतिहास, भूगोल व समाजशास्त्र या विषयांच्या अभ्याससहलींसाठी हा परिसर अनुकूल आहे. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या निवासासाठी एकच मोठे भक्तनिवास किंवा धर्मशाळा घेणे इष्ट. विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र मजला व तेथेच प्राध्यापिकेची खोली असावी. प्रवेशद्वार रात्री किती वाजता बंद होते, हे आधी ठरवावे, कारण छबिना पाहून परतणारे विद्यार्थी बाहेर अडकण्याचा संभव असतो. गोंधळ्यांची मुलाखत घ्यावयाची असल्यास ती गर्दीचा दिवस टाळून दुपारी घ्यावी आणि त्यांच्या वेळेचे मानधन सहलीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवावे. चहापाण्याचा खर्च मांडणारे अंदाजपत्रक कलावंताचे मानधन बहुधा विसरते.

निष्कर्ष :

१. तुळजापुरातील नाद पहाटे व रात्री असल्याने मुक्कामाशिवाय त्याचा अनुभव घेता येत नाही.
२. निवासाची निवड हेतू, तिथी, पायी अंतर, सुरक्षितता आणि दर या क्रमाने करावी. व्यवहारात हा क्रम नेमका उलटा झालेला आढळतो.
३. कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीची सोय हा निवासाचा मानदंड असावा.
४. एक रात्र मंदिराजवळ व एक रात्र बाहेर ही विभागणी नाद व डोंगर या दोन्हींना न्याय देते.
५. पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची परंपरा स्पष्ट खर्च व किमान सोयींसह टिकल्यास यात्रेकरू व स्थानिक दोघांचेही हित साधेल.

समारोप :

धाराशिव हा कोरडवाहू शेतीवर जगणारा जिल्हा आहे. यात्रेकरूने येथे काढलेल्या एका रात्रीमुळे खोलीवाल्याबरोबरच फुलवाला, खानावळवाला, रिक्षावाला आणि संबळ वाजविणारा गोंधळी यांच्याही घरी चार पैसे जातात. दोन तासांच्या थांब्यात यांतील पुष्कळसे वगळले जातात. यात्रेकरूच्या बाजूने पाहिले तरी लाभ कमी नाही. सोयीच्या खोलीत शांत झोपलेली आजी पहाटे चरणतीर्थाला नातवाचा हात धरून पायऱ्या उतरू शकते, आणि आदल्या रात्री ऐकलेल्या आख्यानातील कथा त्याला वाटेत समजावून सांगू शकते. कुळाचार पुढच्या पिढीकडे जातो तो बहुधा अशाच एखाद्या वाटेवर. त्यासाठी मुक्कामाची जागा निवडताना खर्ची घातलेला अर्धा तास मुळीच वाया जात नाही.